जावयाचं पित्त आणि कालवातली चिंबोरी

भाऊबीजेनंतरच्या रविवारी दुपारी साडेतीनला खालच्या मजल्यावरच्या काकू झाकलेली वाटी घेऊन वर आल्या. चेहरा उतरलेला. "सर, हे बघा आणि खरं काय ते सांगा. कोळी शिजला का हो माझ्या हातून?"

कोळी म्हणजे जाळं विणणारा. वाटीत कालवांचा रस्सा होता आणि त्यात तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, नारिंगी रंगाचा एक गोळा. चमच्याने उलटा केला तर खाली दुमडलेले पाय दिसले. मी मोजले. चार जोड्या चालायचे आणि पुढे दोन इवल्याशा नांग्या. कोळ्याला नांग्या नसतात. काकूंना म्हटलं, "कोळी नाही, चिंबोरी आहे." त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मग तर मेलेच मी."

त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. त्यांच्या जावईबापूंना कोलंबी आणि चिंबोरी चालत नाही. लहानपणापासून खाल्ली की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. लग्न ठरताना मुलाकडच्यांनी हे आधीच सांगितलं होतं आणि काकूंनी चार वर्षं ते पथ्य देवाधर्मासारखं पाळलं. जावई घरात असले की कोलंबी नाही, सोडे नाहीत, चिंबोरी तर नाहीच. मग मासळीत मानाचं काय करायचं? कालवं. जावईबापूंनी कालवं याआधी या घरात सात-आठ वेळा तरी खाल्ली होती, कधी काही झालं नव्हतं. या रविवारी सव्वा वाजता पानं वाढली. दुसऱ्यांदा रस्सा घेतल्यावर जावईबापूंचे ओठ खाजायला लागले, वीसेक मिनिटांत मानेवर आणि पाठीवर गांधी उठल्या. श्वासाला त्रास झाला नाही. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन आले आणि तीनपर्यंत गांधी ओसरल्या. जावई झोपले, लेक फुरंगटून बसली आणि काकू उरलेलं पातेलं ढवळून बघत होत्या, तेव्हा हा गोळा वर आला.

मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, डॉक्टर नाही. पण वाटी समोर आली म्हटल्यावर गप्प बसवेना. आणि इमारतीत तोवर निकालही लागून गेला होता, सासूने कोलंबीचा चमचा रश्श्यात घातला. म्हणून सगळं नीट लिहून काढलं.

आधी संशयितांची यादी.

पहिला बांगडा. पानात तळलेला बांगडा होता. बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा बर्फाविना पडून राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते खाल्लं की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखं. तळून, उकळून हिस्टामिन जात नाही. पुष्कळ माणसं आयुष्यभर "मला बांगडा बाधतो" म्हणत राहतात, ती खरं तर एका शिळ्या बांगड्याची कृपा असते. पण इथे ज्या बांगड्याचा एक तुकडा जावयाच्या पानात होता, त्याचाच दुसरा लेकीच्या पानात होता, आणि तिला काही झालं नाही. हिस्टामिन सहसा माणूस बघून बाधत नाही. बांगडा सुटला.

दुसरा, स्वतः कालव. अ‍ॅलर्जी कोणत्याही वयात नव्याने जडू शकते, त्यामुळे "आधी खाल्लं होतं" हा पुरावा पक्का नाही. हा प्रश्न मी डॉक्टरांसाठी ठेवला.

तिसरा, कोलंबीचा चमचा. कोलंबी घरात आठवडाभर आलीच नव्हती. काकूंनी शपथ घेतली, आणि फ्रीजर मी बघितला. बघू दिला, हे विशेष.

चौथा संशयित मला स्वयंपाकघरात उभं असताना सापडला. ओट्यावर मिक्सरचं एकच भांडं होतं. विचारल्यावर काकू जरा घुटमळल्या. गुरुवारी जवळ्याची चटणी वाटली होती. तिचं भांडं वेगळं असतं, पण त्याचं पातं मोडलंय, म्हणून खोबऱ्याच्याच भांड्यात वाटली, मग गरम पाण्याने तीनदा धुतलं. झाकणाची रबरी चकती काढली होती का? नव्हती. मी सुरीच्या टोकाने ती उचकटली. खाचेत तांबूस भुकटीची एक रेघ होती. आणि रविवारचं कालवांचं वाटण याच भांड्यातलं. जवळा म्हणजे कोलंबीचाच धाकटा भाऊबंद, कवचधारी.

पाचवी वाटीतली.

इतर कुणी असता तर मिक्सरवर बोट ठेवून मोकळा झाला असता. मला ती वाटीतली सोडवेना. पातेलं ताटात ओतून भिंगातून बघितलं, तर आणखी दोन निघाल्या. एकीची पाठ फुटलेली होती आणि आतलं सगळं रश्श्यात उतरलेलं. म्हणजे पातेल्यात एकूण तीन तरी होत्या, आणि जावयाच्या पानात किती गेल्या ते देव जाणे, कारण मानाचा डाव त्यांच्याच पानात पडतो.

या खेकड्यांचं कूळ पिनोथेरिडी. इंग्रजीत त्यांना वाटाण्याच्या आकारावरून नाव पडलं आहे, म्हणून आपणही वाटाणा-खेकडे म्हणू. कालवं, तिसऱ्या, शिनाणे अशा दोन शिंपांच्या प्राण्यांच्या आत त्यांचा संसार. हे काही परदेशातलं अप्रूप नाही. तारापोरवाला मत्स्यालयाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या बोमन छापगरांनी १९५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या सागरी खेकड्यांवर मोठा लेख लिहिला, त्यात या कुळातली एक नवी जात वर्णन केली आणि तिला 'पिनोथेरिस विकाजी' हे नाव दिलं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर त्यांची नोंद जुनी आहे. काकूंच्या पातेल्यातल्या नेमक्या कुठल्या जातीच्या होत्या ते मी सांगायला जाणार नाही. या कुळात जात ठरवायची तर तोंडाजवळच्या अवयवांची एक जोडी सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे सांधे बघावे लागतात, आणि तिखट-मिठात उकळलेल्या खेकडीवर ते काम होत नाही.

मंगळवारी सकाळी काकूंना घेऊन ऐरोलीच्या मासळी बाजारात गेलो. ज्यांच्याकडून वाटा घेतला होता त्या मावशींसमोर मी खेकड्यांची डबी उघडली. त्यांनी एकदा बघितलं आणि हसल्या. "अगो बाय, ही कालवाची चिंबोरी. रोग नाय काय, सडका नाय काय. आमचे पोरं तर हीच शोधून खातात." मग काकूंचा चेहरा बघून थोड्या नरमल्या. "सोलताना दिसली तर काढते मी. रविवारी गर्दी, हात चालतो, डोळा चालत नाय." कालवं कुठली, तर आपल्या खाडीतली नव्हेत, उरणच्या बाजूची, ओहोटीला खडकावरून काढलेली. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, पण खाडीच्या पाण्याबद्दल मावशींचं मत रामसरवाल्यांपेक्षा फार कडक आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला सोललेली नको, शिंपासकट हवी होती. मावशींनी बुधवारी आणून दिली, पिशवीभर, चिखलासकट, आणि वर कोयती कशी धरायची तेही दाखवलं. बिजागरीकडून नव्हे, कडेला जिथे फट असते तिथून टोक घालायचं आणि आतला स्नायू कापायचा, की वरचा शिंपा सैल पडतो. चाळीसेक कालवं फोडली. हाताला दोन ठिकाणी कापलं. पाच कालवांत पाहुण्या निघाल्या. या आकड्यावरून टक्केवारी काढू नये. एकाच किनाऱ्यावर दोन खडकांमध्येही हे प्रमाण खूप बदलतं.

उघडलेल्या कालवात ती दिसते तो क्षण सांगण्यासारखा आहे. करड्या, ओलसर कल्ल्यांच्या घडीत एक गुलाबीसर, अर्धपारदर्शक मणी बसलेला. पाठीतून आतलं नारिंगी अंडाशय दिसतं. पाठ नखाने दाबली तर दबते, साध्या खेकड्यासारखी टणक नाही. डोळे टाचणीच्या टोकाएवढे. पाय काटकुळे. मी एकीला बशीत ठेवलं तर तिला धड चालता येईना, कलंडली आणि तशीच पडून राहिली. सर्वांत मोठी पट्टीवर अकरा मिलिमीटर भरली. पोटाखालचा पदर एवढा रुंद की अख्खं पोट झाकून पायांच्या मुळांपर्यंत आला होता आणि त्याखाली अंडी ठासून भरलेली, वाळूसारखी, हजारांनी. जिच्या दारी कुणी शत्रू येत नाही, जिला अन्नासाठी हिंडावं लागत नाही, तिने चिलखत आणि पाय यांवर खर्च करायचा कशाला? सगळी मिळकत अंड्यांत.

अन्न कुठून येतं ते समजायला कालवाचं जेवण बघावं लागतं. कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांवरून गाळतं. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांच्या लाटेने पाणी आत येतं, त्यातले शेवाळाचे कण चिकट स्रावात अडकतात आणि त्या स्रावाच्या दोऱ्या कल्ल्यांच्या कडेने तोंडाकडे सरकत जातात, कारखान्यातल्या पट्ट्यावरून माल सरकावा तशा. खेकडी बसते ती नेमकी या पट्ट्याच्या काठी. नांग्यांना केसांच्या कंगव्या असतात. त्यांनी ती दोरी ओढते आणि तोंडात घालते. कालवाने गोळा केलेला घास कालवाच्या तोंडाच्या अलीकडे उचलला जातो.

आता हिला भाडेकरू म्हणायचं की चोर? जुन्या लोकांनी तर हिला पहारेकरी ठरवलं होतं. अ‍ॅरिस्टॉटलपासून प्लिनीपर्यंतच्या लिखाणात पिन्ना नावाच्या मोठ्या शिंपल्यात राहणारा छोटा खेकडा त्याची राखण करतो, अशी समजूत आहे. 'पिनोथेरिस' या नावाचा अर्थच पिन्नाचा राखणदार. गोष्ट गोड आहे, आणि मीही वर्गात बरीच वर्षं सहजीवनाचं उदाहरण म्हणून ती सांगितली. चुकीची सांगितली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कालवांतल्या जातीचा अभ्यास करून स्टाउबर यांनी १९४५ साली लिहिलं की ही परजीवीच आहे. तिच्या पायांच्या आणि नांग्यांच्या सततच्या घासण्याने कल्ल्यांच्या कडा झिजतात, फाटतात, काही ठिकाणी पुरत्या आखूड होतात. माझ्या पाचांपैकी तीन कालवांत हे नुसत्या डोळ्यांना दिसलं. जिथे ती बसली होती तिथल्या कल्ल्याला उंदराने कुरतडलेल्या कागदासारखी खाच होती, आणि मांसही शेजारच्या कालवांपेक्षा पातळ, पाणचट. कालव मरत नाही. मरून खेकडीला परवडणारही नाही, घर आणि स्वयंपाकघर एकदमच जायचं.

ती आत शिरते तेव्हा एवढी मोठी नसते हे काकूंना पटवायला सर्वांत जास्त वेळ लागला. "एवढ्याशा फटीतून?" तर फटीतून येते ते पोर. अंडी फुटली की अळ्या कालवाच्याच बाहेर जाणाऱ्या पाण्यासोबत समुद्रात जातात. त्या अमेरिकन जातीत अळीच्या चार अवस्था आणि मग एक मधली अवस्था, सगळे मिळून साधारण पंचवीस दिवस. मग खेकड्याचं पहिलं रूप येतं, खसखशीएवढं, आणि ते कालवाच्या कोवळ्या पोरांत शिरतं. आत वाढता वाढता एक चमत्कारिक टप्पा येतो. नर आणि मादी दोघंही टणक, चपटे होतात, पायांना पोहण्यासाठी केस येतात. घर सोडून बाहेर पडता येईल असं अंग. मीलनाचा काळ हाच. त्यानंतर मादी पुन्हा एखाद्या कालवात स्थिरावते, कात टाकते, आणि टणक व्हायच्या ऐवजी मऊ होते. मग कात टाकत टाकत फुगत जाते आणि आपण बशीत कलंडलेली बघतो ती होते. त्यानंतर तिला बाहेर पडणं नाही.

नर मात्र लहानच राहतो, टणकच राहतो आणि हिंडतो. न्यूझीलंडमध्ये शिनाण्याच्या एका जातभाईत राहणाऱ्या वाटाणा-खेकड्यांवर प्रयोग झाले. रात्री नर आपलं घर सोडतो, मादी ज्या शिंपल्यात आहे तो हुडकतो आणि मिटलेल्या शिंपांच्या कडेवर पायांनी तासन्तास गुदगुल्या करत बसतो. शिंपला हळूहळू सैलावतो, फट रुंदावते, आणि हा आत. घाई केली तर शिंपांत चेंगरून मरण. हे ऐकून काकूंच्या लेकीला तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. जावयाकडे बघून काय म्हणाली ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

माझ्या पाचांपैकी एका कालवात मोठ्या मादीशेजारी असा एक नर सापडला, चार मिलिमीटरचा, तपकिरी, बटणासारखा. पहिल्यांदा चिखलाचा कण समजून मी तो धुऊन टाकणार होतो.

खाणाऱ्याच्या बाजूने बघायचं तर ही खेकडी विषारी नाही, किडीचं लक्षण नाही, कालव खराब असल्याची खूणही नाही. अमेरिकेत एकेकाळी उपाहारगृहांत ती चवीने खाल्ली जायची. मावशींची पोरं शोधून खातात ती उगाच नाही. प्रश्न फक्त ज्याला चिंबोरी चालत नाही त्याचा.

तर पुन्हा जावयाच्या मानेकडे. चिंबोरी, कोलंबी, जवळा यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. या कवचधारी मंडळींत ते एकमेकांसारखं असतं, म्हणून कोलंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याला बहुधा चिंबोरीही चालत नाही. कालवातही त्याच नावाचं प्रथिन आहे, पण त्याची ठेवण बरीच वेगळी, त्यामुळे एकाला कोलंबी बाधते आणि कालव पचतं, दुसऱ्याला दोन्ही बाधतात. हे प्रथिन उकळून मोडत नाही आणि रश्श्यात उतरतं. खेकडी चमच्याने काढून टाकली तरी तिचा अंश रश्श्यात राहतो. दोनदा रस्सा घेतल्यावर त्रास सुरू झाला हे इथे जुळत होतं. जवळ्याच्या रेघेशीही तितकंच जुळत होतं.

जावई ठाण्यातल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले, माझी डबी आणि रबरी चकतीची हकिगत घेऊन. दोन आठवड्यांनी हातावर टोचून चाचणी झाली. कोलंबी आणि चिंबोरीच्या थेंबाखाली फुगवटे आले, कालवाच्या थेंबाखाली काहीच नाही. म्हणजे दुसरा संशयित बहुतांशी सुटला आणि गाठ कवचधाऱ्यांशीच पडली. चौथा की पाचवी, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाकारलं, आणि मला वाटतं बरोबर केलं. त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच. त्यांनी सांगितलं ते असं: सोललेल्या कालवांत आणि तिसऱ्यांत खेकडा निघू शकतो, म्हणून बाहेर ते खायचं नाही. घरी "थोडं खाऊन बघू" हा प्रयोग कधीही करायचा नाही. एकदा गांधीवर भागलं म्हणजे पुढच्या वेळीही तेवढ्यावरच भागेल असं नाही. श्वास लागला, आवाज बसला, चक्कर आली तर गोळी शोधत न बसता थेट रुग्णालय. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन कधी लागतं तेही त्यांनी दोघांना समजावून दिलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी खेकडीच्या बाजूने झुकतो. भांडं तीनदा धुतलं होतं आणि चकतीखालची रेघ कोरडी होती, नीट चिकटून बसलेली. खेकड्या मात्र तीन, आणि त्यातली एक पातेल्यात फुटलेली. पण इमारतीत मला कुणी विचारलं की मी म्हणतो, चमचा नव्हता, एवढं नक्की. काकूंना तेवढंच हवं होतं.

मिक्सरला नवं भांडं आलं. जवळ्याच्या भांड्यावर लाल दोरा बांधलाय. संक्रांतीनंतर जावईबापू आले तेव्हा त्यांच्यासाठी सुरमई होती आणि बाकीच्यांसाठी वेगळ्या पातेल्यात कालवं. तीही काकूंनी एकेक करून पांढऱ्या ताटलीत पसरून तपासली होती. चार खेकड्या काढल्या आणि मला वर पाठवून दिल्या, बर्फावर ठेवून, न शिजवता, म्हणजे या वेळी तोंडाजवळचे सांधे बघता येतील. माझं भिंग मात्र अजून खालीच आहे.